मेळघाटात गाडी नेताना: काय करावे, काय टाळावे

सुट्टी आली की अमरावती-अकोल्याच्या जीपा आणि बुलेट चिखलदरा, सेमाडोह, नरनाळ्याकडे वळतात. चिखलातून गाडी काढायची हौस वाईट नाही. पण १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलात ती भागवायला जागा नाही. मेळघाटात स्वतःच्या गाडीने सार्वजनिक रस्ता सोडायचा नाही, एवढे पक्के धरून पुढचे वाचावे.

काय करावे

• परतवाडा, अकोट किंवा धारणीत टाकी भरून घ्यावी. पुढे पंपाचा आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नये. कोणत्या वाटेने जाणार, कधी परतणार हे घरी सांगून निघावे.

• आतले जंगल पाहायचे तर सेमाडोह किंवा शहानूरहून वनखात्याची सफारी घ्यावी. नरनाळा किल्ल्याचा रस्ताही अभयारण्यातूनच जातो. शहानूरच्या फाटकावर नोंद करूनच वर जावे. मोबाइलच्या नकाशाने कच्ची वाट दाखवली म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. रस्ता रात्री बंद असतो का, हे नाक्यावर आधीच विचारावे.

• घाटात चढत्या गाडीला आधी वाट द्यावी. उतरताना गाडी खालच्या गिअरवर ठेवावी, नुसत्या ब्रेकवर सोडू नये. चिखलदऱ्याच्या धुक्यात दिवे खालच्या झोतावर असावेत.

• रपट्यावर पाणी असेल तर थांबावे. सिपना नदीच्या वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते. दीड-दोन फूट वाहते पाणी जीपलाही ढकलते, आणि गढूळ पाण्याखाली रपटा खचला आहे की शाबूत, हे वरून कळत नाही. पाणी उतरायला तास लागो की दिवस, वाट पाहावी.

• कोरकू ढाण्यांतून, म्हणजे वस्त्यांतून, माणसाच्या चालीने जावे. रस्ता हेच तिथले अंगण असते. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायला बायका-पोरे रस्त्याकडेच्या झाडांखाली वाकलेली असतात. वळणावर ती एकदम समोर येतात. त्या दिवसांत उजाडताना वेग आणखी कमी ठेवावा.

काय टाळावे

• वाळल्या गवतावर गाडी उभी करणे. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत सागाचा पाचोळा जमिनीवर पसरलेला असतो, आणि लांबून आलेल्या गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो. ठिणगीचीही गरज पडत नाही. वणवा पेटला की वनरक्षक आणि गावातली माणसे हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवत असतात, आणि पेटवणारा तोवर घरी पोहोचलेला असतो. गाडी उघड्या मुरमावर लावावी. बिडी-सिगारेट आणि चूल जंगलात नकोच.

• नदीपात्रात गाडी घालणे, डोहावर ती धुणे. उन्हाळ्यात सिपनेचे डोह हेच जनावरांचे पाणी. त्यावर ऑइलचा तवंग आणणे मला अक्षम्य वाटते.

• सायलेन्सर बदललेली बुलेट. रानपिंगळा हे घुबड ११३ वर्षे नामशेष समजले गेले होते. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले. मेळघाट त्याच्या मोजक्या घरांपैकी एक. हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे आपण असा आवाज करत फिरतो त्याच वेळी.

• रानगवा किंवा अस्वल दिसल्यावर गाडीतून उतरणे, मागे लागणे, झोत मारणे. इंजिन चालू ठेवून अंतर राखावे, त्यांना रस्ता ओलांडू द्यावा.

• अमरावतीजवळचे पोहरा जंगल मोकळे मैदान समजणे. तिथेही बिबटे आहेत आणि वनखात्याची हद्द आहे.

मग चिखलाची हौस?

ती पांदणीवर भागवावी, पण वावरवाल्यांना विचारून, आणि पावसानंतर लगेच नाही. हे उलटे वाटेल, कारण मजा तर ओल्या काळ्या मातीतच. पण ओल्या पांदणीत चार चाकांनी पडलेली चाकोरी ऑक्टोबरच्या उन्हात दगडासारखी कडक होते. मग कापसाने भरलेली बंडी तिच्यात कलते, बैलाचा पाय मुरगळतो, आणि त्या शेतकऱ्याला दुसरी वाट नसते. माती वाळून घट्ट झाली की जावे. तेव्हाही खाचा, चढ आणि ढेकळे हात कसाला लावायला पुरेशी असतात.

धुऱ्यावरून गाडी वळवू नये, उभ्या हरभऱ्यात तर मुळीच नाही. उघडलेले फाटक लावून घ्यावे. रोही आणि रानडुकरांसाठी लावलेल्या तारेला हात लावू नये. तिच्यात झटका मशीनचा प्रवाह असतो, आणि काही ठिकाणी चोरून थेट वीजही सोडलेली असते.

अपघात झाला तर

माणसासाठी १०८. जनावराला धडक बसली तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. रेंज नसेल तर किलोमीटरचा दगड लक्षात ठेवून जवळचा नाका गाठावा. जखमी जनावराला उचलू नये, पाणी पाजायलाही जवळ जाऊ नये. मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच थांबवावे.