हीटर थंड, पण दोष गॅसचा नाही

प्रश्न : माझी पेट्रोल कार 18 वर्षांची आहे. थंडीत पहाटे निघालो की हीटरमधून गारच हवा येते, अगदी तासभर चालवली तरी. एसीचा गॅस भरून घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गॅसवर पैसे घालवू नका. हीटरला ऊब मिळते ती इंजिनाच्या तापलेल्या कूलंटमधून. एसीच्या गॅसचा तिथे काही संबंध नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, उकळतं पाणी थेट अंगावर उडतं. पातळी कमी भरली तर गळतीही शोधायला हवी.

पातळी ठीक असेल, तर गाडी चालवताना तापमानाचा काटा बघा. तो खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी, आणि हा भाग फार महाग नसतो. काटा नेहमीच्या जागी येतो? मग हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप मेकॅनिककडून तपासून घ्या. एक गरम, दुसरा गार असेल तर व्हॉल्व्ह उघडत नाही, कूलंटमध्ये हवा अडकली आहे किंवा हीटर कोअर तुंबलाय. जुन्या गाडीत आधी व्हॉल्व्हची केबल पाहायला सांगा. ती नुसती निसटलेलीही असू शकते. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डमधला फ्लॅप अडकलाय.

पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं आणि गोडसर वास आला, तर कोअर गळतोय. मग गाडी लगेच गॅरेजला न्या.