पोटातले जीवाणुभक्षक

विषाणू म्हटले की देवी, पोलिओ, करोना हे रोग आठवतात. पण या क्षणी तुमच्या आतड्यात अब्जावधी विषाणू आहेत, आणि तरीही तुम्ही ठणठणीत आहात! हे कसे?

आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. तेथील बहुतेक विषाणू आपल्या पेशींच्या वाटेला जात नाहीत. ते या जीवाणूंवर जगतात. म्हणून त्यांना जीवाणुभक्षक म्हणतात.

ते केवढे असतात? सर्व वस्तू दहा लाख पटींनी मोठ्या झाल्या, अशी कल्पना करा. तुमची उंची १४० सेंटीमीटर असेल, तर अर्जुनी मोरगावला पाय ठेवून आडवे झाल्यावर तुमचे डोके १४०० किलोमीटरवर, कन्याकुमारीजवळ टेकेल. आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू दोन मीटर लांबीच्या खाटेएवढा होईल आणि त्याच्यावर बसणारा टी-४ हा भक्षक जेमतेम वीतभर!

१८९६ साली आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन यांना आढळले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात. पाणी उकळले की हा गुण जातो. पुढे पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांनी हगवणीच्या रोग्यांची विष्ठा अतिशय बारीक गाळणीतून गाळली. जीवाणू वर अडकले. तरी खाली आलेल्या द्रवाने ताज्या जीवाणूंचा फडशा पाडला. १९१७ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला.

भक्षक जीवाणूच्या अंगावरील ठरावीक रेणूला चिकटतो. कुलपाला किल्ली लागावी, तसेच हे. आपल्या पेशींना ते कुलूपच नसते. आत सोडलेल्या आनुवंशिक द्रव्यापासून सुमारे अर्ध्या तासात शंभरएक नवे भक्षक तयार होतात आणि जीवाणू फोडून बाहेर पडतात.

मग हे सारे आपले मित्रच का? नाही. काही भक्षक जीवाणूला न मारता त्याच्या जनुकांतच मुक्काम ठोकतात. पटकीच्या जंतूला विष बनवण्याचे जनुक अशाच एका विषाणूने दिले, हे १९९६ साली उघड झाले. म्हणजे एकाच घराण्यातला एक जण चोराला मारतो, तर दुसरा त्याच्या हाती सुरी देतो!

म्हणून नदी-तलावाचे पाणी तसेच पिऊ नका. एक भक्षक एखाद्याच जातीचे जंतू मारतो. बाकीचे शिल्लक राहतात. पाणी उकळूनच प्या.

आता एक गणित: एका भक्षकापासून दर अर्ध्या तासाला शंभर होतात. जीवाणू भरपूर असतील, तर दोन तासांनी किती होतील?