अक्षरओळख करून देणाऱ्यांसाठी

नागपुरात हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंच्या साहाय्याने शिक्षिका झाल्या. त्या अस्पृश्य आहेत हे कळताच पालकांनी विरोध केला. पुढे १९२२ साली जाईबाईंनी मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली.

वर्गातून मूल घालविण्यास आज जात विचारावी लागत नाही. बोलीला हसले तरी पुरते. म्हणून वस्तीत अभ्यासवर्ग घेणाऱ्या विद्यार्थी मित्रांना आम्ही प्रथम हेच सांगतो. मूल 'मले', 'तुले' म्हणाले तर हसू नये. (हसणारा स्वतः घरी तेच बोलतो!) 'मले' लिहू द्यावे, शेजारी पुस्तकातले 'मला' लिहावे आणि दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावेत. वही लाल शाईने भरू नये. ऱ्हस्व-दीर्घ सावकाश येते.

निबंधाला विषय मुलाच्या जगण्यातला द्यावा. फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. नुसते फळ्यावरचे उतरवून घेतले असते तर असा निबंध झाला नसता. मुलाने लिहिलेले आधी त्याच्याच तोंडून पूर्ण ऐकावे. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करावी.