प्लास्टिक कागदाची परीक्षा प्रकाशाने

तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. पक्के मडके खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. मडके न फोडता परीक्षा होते. प्लास्टिकची परीक्षाही शास्त्रज्ञ आता अशीच, पण प्रकाशाने करतात.

परीक्षा कशी होते?

प्रत्येक पदार्थात उष्णतेमुळे अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सतत चालू असतात. सूक्ष्मदर्शकातून लेसर किरण सोडला की अगदी थोडा प्रकाश या लहरींवरून विखुरतो व त्याचा रंग किंचित बदलतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रिल्वाँ यांनी १९२२ मध्ये हे विकिरण गणिताने मांडले. रंगातील बदलावरून लहरींचा वेग कळतो. घनता सारखी असता, वेग जास्त तितका पदार्थ ताठर. अशा रीतीने कागद न कापता बिंदूबिंदूचा ताठरपणा मोजता येतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ठिबकच्या काळ्या नळीत प्रकाश शिरत नाही. तसेच कागद किती ताणला असता फाटेल, हे ओढूनच पाहावे लागते.

कागद का खराब होतो?

उन्हातील अतिनील किरण व हवेतील प्राणवायू यांमुळे पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात. कागद आधी ताठर, मग ठिसूळ होतो. वरून तो चांगला दिसतो, पण वळवाच्या वाऱ्यात फाटतो आणि आतील पीक हातचे जाते. म्हणून नळीत काजळी व हरितगृहाच्या पारदर्शक कागदात किरणरोधक रसायन मिसळलेले असते.

आपण काय करावे?

१. खरेदीच्या वेळी कागदाचा हातभर तुकडा घरात अंधारात जपून ठेवावा.

२. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी छताच्या कडेचा जादा तुकडा कापून दोन्ही तुकडे दुमडून व ताणून पाहावेत. जुना तुकडा घडीवर चिरला किंवा न ताणताच तुटला, तर कागद बदलावा.

३. कागद तापलेल्या लोखंडी पाइपवर टेकतो तेथे लवकर फाटतो. त्या जागी पाइपला कागद चढवण्यापूर्वी पांढरा रंग द्यावा.

४. हरितगृहात गंधकाचा वापर बेताने करावा. गंधकामुळे किरणरोधक रसायनाचा प्रभाव घटतो.

प्रयोगशाळेतील यंत्र आपल्या बांधावर येणार नाही. पण वर्षातून एकदा केलेली ही घडीची परीक्षा वळवाआधी धोका दाखवून देईल.