सहल कोळशाच्या खाणीची

सहल म्हटलं की वेरूळ, अजिंठा, दौलताबाद ठरलेलं. यंदा मात्र आम्ही जालन्याहून पहाटेच निघालो आणि समृद्धी महामार्गाने नागपूर गाठून पुढे सावनेरला गेलो. तिथे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीचा इको पार्क आहे. महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या साथीने २०१६ मध्ये तिथे खाण-पर्यटन सुरू झालं. बाग, छोटी आगगाडी, शिवाय खाणीत काम कसं चालतं ते दाखवणारी नकली खाण. पोरं गाडीवरच खूश होती!

आता सांगा, आपल्याकडे विहीर खणली की काय लागतं? माती, मुरूम, मग काळा पाषाण. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. सावनेरचा कोळसा त्याहून फार जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही आधीचा. दलदलीतली झाडं गाळाखाली गाडली गेली, वरच्या थरांनी दाबली गेली, त्यांचा कोळसा झाला. म्हणून आपल्या पाषाणात तो सापडायचा नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील विहिरी खोदायच्या कामावर जातात. त्याने माहिती देणाऱ्या काकांना विचारलं, "खाणीत पाणी लागलं तर?"

"लागतंच. रात्रंदिवस पंपाने उपसावं लागतं."

"उपसता? आमच्याकडे पाणी लागलं की नारळ फोडतात!"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण त्याच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. पण खाणीत पाणी म्हणजे काळच. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. 'काला पत्थर' हा सिनेमा त्यावरूनच सुचलेला.

उपसलेलं सगळं पाणी वाया जात नाही बरं का. याच कंपनीने पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरायला सुरुवात केली. हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प होता. परतताना बसमध्ये हळूच म्हणाला, "सर, बाबांच्या विहिरीला साठ फुटांवरही पाणी नाही लागलं."

तर स्वाध्याय असा: तुमच्या गावच्या विहिरीला किती फुटांवर पाणी लागलं आणि तेव्हा वर कोणकोणते थर निघाले, ते आजोबांना विचारून वहीत लिहून आणा. आकृतीही काढा.