या महिन्याचा पाठ : आपलं यश, आपलं माप



गटांच्या बैठकांना फिरताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "माझं काय सांगू मॅडम, माझं कुठं काय मोठं झालंय!" असं म्हणणारी ताई कित्येक वर्षं गटात असते, तिचा हप्ता कधी थकलेला नसतो, पोरगी बारावीला असते. तरी ती स्वतःला मागं पडलेली समजते. म्हणून हा पाठ.

आजकाल 'लखपती दीदी' हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. त्याचा नेमका अर्थ समजून घेऊ. सदस्याच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख किंवा जास्त हवं. तेही टिकणारं, म्हणजे किमान चार हंगाम किंवा व्यवसायाच्या चार फेऱ्या, महिन्याला सरासरी १०,००० रुपयांच्या वर. हे उत्पन्न कुटुंबाचं धरतात, एकट्या बाईचं नाही. आपलं उत्पन्न वाढलंच पाहिजे. पण हे माप कमाईचं आहे, बाईच्या किमतीचं नाही.

एक हिशेब करून बघू. समजा, एका ताईचं किराणा दुकान आहे. महिन्याची विक्री ४०,०००. मालाला ३३,०००, भाडं-वीज २,०००, कर्जाचा हप्ता ३,०००. हातात उरले २,०००. पहाटे पाच ते रात्री दहा उभी, आणि गल्ल्याची किल्ली नवऱ्याकडे.

दुसरीकडे शेळ्या आहेत. वर्षाला तीन बोकड विकून २४,००० आले, चारा-औषधाला ६,००० गेले. राहिले १८,०००, म्हणजे महिन्याला १,५००. पैसे तिच्या खात्यात, आणि ते कशाला वापरायचे हे तीच ठरवते.

यशस्वी कोण? लोक दुकानाकडे बोट दाखवतील. खरं उत्तर त्या दोघींनीच द्यायचं. शेजारणीचं दुकान बघून शेळीवाली कर्ज काढायला निघाली, तर आधी तिनं हा हिशेब मांडावा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्याला माहीत आहेत. शाळेत गेल्या नाहीत. घरच्यांच्या पोटात चांगलं अन्न जावं म्हणून गावरान बियाणं जपू लागल्या. २०२० ची पद्मश्री खूप नंतर आली. तिच्या आधीची कितीतरी वर्षं त्यांचं माप एकच होतं : बी टिकलं का?

बैठकीत करायचा उपक्रम

प्रत्येकीनं मूठभर ज्वारी घ्यावी. जमिनीवर खडूनं चार चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनात १ ते ५ दाणे ठेवावेत. लिहिता-वाचता यायची गरज नाही.

१. पैसा : माझ्या हातात, माझ्या नावावर किती?
२. वेळ : दिवसात माझा स्वतःचा तासभर आहे का?
३. शब्द : घरातल्या निर्णयात मला विचारतात का?
४. तब्येत आणि मन : रात्री शांत झोप लागते का?

दुसरीचे दाणे मोजायचे नाहीत. आपला सगळ्यात रिकामा चौकोन बघायचा आणि तीन महिन्यांत तिथं एक दाणा कसा वाढेल, ते गटात बोलायचं. कुणाचं बँक खातं उघडायचं असेल, कुणाची रक्त तपासणी राहिली असेल. ठरलेलं काम प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा दाणे मांडून फरक बघता येईल.

शेवटचं. "आहे त्यात समाधान मान" हे बायकांना लहानपणापासून ऐकवलं जातं. आपण म्हणतोय ते समाधान हे नव्हे. मजुरी कमी मिळत असेल, घरात मारहाण होत असेल, तर गप्प बसणं म्हणजे समाधान नाही. तिथं गटानं सोबत उभं राहायचं. आपल्याला काय हवं ते आपण ठरवलं, त्यातलं थोडं मिळवलं आणि ते मिळवल्याचं स्वतः मान्य केलं, की समाधान येतं. तेवढं मान्य करायला तरी कुणाची परवानगी लागत नाही.

तुमची सहयोगिनी