कलनशास्त्राचे आद्य ग्रंथ कसे शोधावेत?

प्रश्न : कॅलक्युलसच्या आरंभकाळातील दुर्मीळ मूळ ग्रंथ कसे शोधावेत?

उत्तर : कलनशास्त्र, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींचे गणित, आरंभी हस्तलिखितांतून आणि नियतकालिकांतून पसरले, हे ध्यानात घेतल्यास शोधाची दिशा ठरते. लाइब्निट्सचा १६८४ चा पायाभूत लेख लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या लॅटिन नियतकालिकात असल्याने ग्रंथसूचीत नियतकालिकाचे नाव व वर्ष पाहावे लागते. लोपितालचे १६९६ मध्ये पॅरिसला निघालेले फ्रेंच पुस्तक हे या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक होय. परंतु त्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नावच नसल्याने ते शीर्षकावरूनच शोधणे श्रेयस्कर ठरते. न्यूटनचा फ्लक्शनविषयक, म्हणजे राशीच्या बदलाच्या वेगाविषयीचा, ग्रंथ १६७१ च्या सुमारास लिहिलेला असूनही जॉन कोल्सनच्या इंग्रजी भाषांतराच्या रूपाने १७३६ मध्ये छापला गेला, म्हणून लेखनवर्ष व मुद्रणवर्ष स्वतंत्रपणे नोंदवावे. अनंत श्रेढींची, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांची, उपपत्ती देणारी ज्येष्ठदेवाची सोळाव्या शतकातील मल्याळम ‘युक्तिभाषा’ही अभ्यासकाने अवश्य पाहावी, के. व्ही. शर्मा यांचे तिचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. जुनी प्रत विकत घेण्यापूर्वी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संग्रहातील किंवा ‘इंटरनेट आर्काइव्ह’वरील विनामूल्य प्रतींशी तिचे शीर्षकपृष्ठ, पृष्ठसंख्या व आकृत्यांची पाने ताडून पाहावीत.